बटणावर ळ, स्क्रीनवर एन

परवा शुक्रवारी अर्धा दिवस रजा टाकून मावशीला एका दाखल्यासाठी पनवेलमधल्या एका ऑफिसात घेऊन गेलो होतो. ऑफिसचं नाव लिहीत नाही. टपाल नाक्यापासून चालत जाण्यासारखं आहे, एवढं पुरे. मावशीची ही तिसरी खेप. पहिल्यांदा अर्ज, दुसऱ्यांदा दाखला हातात, आणि तिसऱ्यांदा तो दाखला बँकेने परत पाठवला म्हणून. कारण? मावशीचं नाव मंजुळा. दाखल्यावर मंजुला. पत्ता कळंबोली. दाखल्यावर कलंबोली. आधार कार्डावर एक, दाखल्यावर दुसरं, बँक म्हणते जुळत नाही. बँकेचं तरी काय चुकलं?

खिडकीपलीकडे एक चोवीस-पंचवीसची मुलगी होती. अगदी चांगली वागली, उगाच खोटं कशाला बोला. मी म्हटलं, "मॅडम, तेवढा ल चा ळ करून द्या ना." तर म्हणाली, "काका (!), या मशिनवर मराठी नाहीये. मी वेबसाईटवर टाईप करून इकडे पेस्ट करते. तिथे एल दाबला की ल च येतो. ळ साठी ही फाईल ठेवलीय." आणि तिने स्क्रीन माझ्याकडे वळवली. डेस्कटॉपवर नोटपॅडची एक फाईल. नाव 'अक्षरं'. आत चार-पाच ओळी. ळ. ऱ्या. ऱ्हा. ॲ. लागेल तेव्हा ती फाईल उघडायची, ते अक्षर कॉपी करायचं, पेस्ट करायचं. गर्दी असली की राहून जातं.

काका म्हटल्याचं दुःख बाजूला ठेवून मी तिच्या कीबोर्डकडे बघितलं. नवाकोरा. आणि त्याच्या प्रत्येक बटणावर इंग्रजीच्या शेजारी देवनागरी छापलेली! ३ फेब्रुवारी २०२५ च्या शासन निर्णयात अट आहे की सरकारी पैशातून घेतलेल्या कीबोर्डवर रोमनबरोबर देवनागरी अक्षरंही हवीत. त्याप्रमाणे कीबोर्ड आलाय. एनच्या बटणावर खाली ल, वर ळ. इनस्क्रिप्टमध्ये तो तिथेच असतो, शिफ्ट आणि एन. मी म्हटलं, जरा दाबून बघता? तिने दाबलं. स्क्रीनवर इंग्रजी एन उमटला. कॅपिटल.

"आम्हाला वाटलं ते फक्त डिझाईन आहे," ती म्हणाली.

मग मी विचारलं की सेटिंग्जमध्ये जाऊन मराठी ॲड का नाही करत? तर सेटिंग्जचं ते पानच बंद. आयटीवाल्यांनी पॉलिसी लावून लपवलंय. सिक्युरिटीसाठी.

मंडळी, गेली वीसेक वर्षं मी जे काम करून पोट भरतोय त्यातला बराच मोठा भाग हा मशीनच्या इमेज बनवण्याचा आहे. त्यामुळे त्या खिडकीसमोर उभं राहून माझ्या लक्षात आलं ते असं, की ही चूक त्या मुलीची नाही, साहेबाची नाही, कीबोर्डवाल्याची तर नाहीच नाही. ही चूक माझ्यासारख्या कुणीतरी, कुठेतरी एसीत बसून, एका दुपारी केलेली आहे. आणि ती एकदाच केलेली आहे. बाकीच्या मशीनवर नुसती तिची कॉपी पडलीय.

ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. शंभर कॉम्प्युटर आले तर शंभर वेळा विंडोज टाकत कुणी बसत नाही. एका मशीनवर सगळं नीट लावायचं, मग सिस्प्रेप नावाचं टूल चालवून त्या मशीनची स्वतःची ओळख पुसायची, आणि उरलेल्या सगळ्याची एक फाईल करायची. ही झाली इमेज. ती बाकीच्या नव्याण्णव मशीनवर ओतायची. सोबत एक आन्सर फाईल असते. इन्स्टॉलेशन चालू असताना विंडोज जे प्रश्न विचारतं (देश कुठला, वेळ कुठली, कीबोर्ड कुठला) त्यांची उत्तरं आधीच त्या फाईलमध्ये लिहून ठेवायची, म्हणजे माणूस लागत नाही. लिनक्समध्येही हेच, फक्त नावं वेगळी. डेबियनवाले प्रीसीड म्हणतात, रेड हॅटवाले किकस्टार्ट.

तर त्या आन्सर फाईलमध्ये कीबोर्डची एक ओळ असते. एकच. तिथे इंग्रजीच्या पुढे अर्धविराम देऊन मराठीचा कोड लिहिला की शंभराच्या शंभर मशीनवर पहिल्या दिवसापासून मराठी कीबोर्ड. नाही लिहिला तर शंभर मशीनवर शंभर 'अक्षरं' फाईली.

आता माझी स्वतःची गोष्ट. ती सांगितल्याशिवाय दुसऱ्याला शिव्या घालायचा मला हक्क नाही.

२००६. एक्स्पीचे दिवस. एका मित्राला चाळीसेक मशीन लावून द्यायचं काम मिळालं होतं आणि इमेजचं काम माझ्याकडे आलं. त्या काळात एनलाईट नावाचं एक टूल होतं. ज्यांनी वापरलंय त्यांच्या चेहऱ्यावर आत्ता हसू आलं असेल. विंडोजच्या सीडीतून काय काय काढून टाकायचं त्याच्या टिकमार्कची ही भली मोठी यादी. मूव्ही मेकर काढा, मेसेंजर काढा, गेम्स काढा. सर्व्हिस पॅक आणि सगळे ड्रायव्हर आत घालूनही सीडी ७०० एमबीच्या आत बसवायची ही एक नशाच होती. रात्री जागून आम्ही एकमेकांना आकडे सांगायचो, माझी एवढ्यात बसली, तुझी केवढ्यात? त्या यादीत 'लँग्वेजेस' होतं. मी टिक केलं. पुढे गेलो.

एक्स्पीमध्ये देवनागरी आपोआप येत नसे. कंट्रोल पॅनेलमध्ये भाषांच्या पानावर एक चौकोन होता, कॉम्प्लेक्स स्क्रिप्टसाठी फाईली टाका म्हणून. त्यावर टिक केलं की विंडोज बजावायचं, यासाठी १० एमबी किंवा जास्त जागा लागेल, आणि मग सीडी मागायचं. मराठीत पहिल्यांदा ब्लॉग वाचायला बसलेल्या प्रत्येकाने हा सोपस्कार केलेला आहे. माझ्या सीडीत भाषांचं ते फोल्डरच नव्हतं. मीच काढलं होतं. तीनेक महिन्यांनी तिथल्या हिशेब बघणाऱ्या बाईंना मराठीत पत्र आलं ईमेलवर, तर सगळे चौकोन चौकोन. त्यांनी बिचाऱ्यांनी कुणालातरी विचारून तो टिकमार्क केला, मशीनने सीडी मागितली, त्यांनी माझीच सीडी घातली आणि फाईल सापडत नाही म्हणून मशीन अडून बसलं. मला फोन आला तेव्हा मी काय म्हटलं असेन? "इंग्लिशमध्ये पाठवायला सांगा ना." हे वाक्य आजही आठवलं की कानशिलं गरम होतात. शेवटी मूळ सीडी घेऊन दोन रविवार चाळीस मशीनसमोर एकेक करून बसलो. मित्राने चहा पाजला, पैसे नाही.

१० एमबीसाठी. त्याच एक्स्पीत चिनी-जपानी फाईलींना २३० एमबी लागायचे, तिथे काटकसर केली तर समजू शकतं. देवनागरीचे दहा एमबी म्हणजे तेव्हाच्या दोन-तीन एमपीथ्री गाण्यांची जागा!

असो. आज परिस्थिती तशी नाही, आणि म्हणूनच मला राग जास्त येतो. विंडोज १० आणि ११ मध्ये देवनागरी दाखवायला वेगळं काही लागत नाही. निर्मला यूआय हा फाँट मुळातच असतो. मराठी इनस्क्रिप्टचा कीबोर्डही आत असतो, फक्त चालू केलेला नसतो. २०१९ पासून फोनेटिक कीबोर्डही आलाय, ज्यांना इनस्क्रिप्ट येत नाही त्यांच्यासाठी. मंगल, अपराजिता, कोकिला (मराठीत कोकिळा म्हणायला हवं, पण तिथेही ळ गळालाय) हे फाँट मात्र मूळ इन्स्टॉलमध्ये नसतात, पूरक फाँट म्हणून वेगळे घ्यावे लागतात. वर्षानुवर्षं मंगलमध्ये बनवलेले नमुने अशा मशीनवर उघडले की दुसरा फाँट लागतो आणि एका पानाचा अर्ज दोन पानांवर सांडतो. घरच्या मशीनवर हे फाँट नेटवरून दोन मिनिटांत येतात. ऑफिसच्या मशीनवर बऱ्याचदा येतच नाहीत, कारण तिथे अपडेट बाहेरून न घेता आतल्या सर्व्हरवरून घ्यायची सोय असते आणि त्या सर्व्हरवर भाषांच्या गोष्टी कुणी ठेवलेल्या नसतात. बटण दाबलं की गोल फिरतं आणि एरर. म्हणजे 'नंतर युझर टाकून घेईल' हे आयटीवाल्यांचं लाडकं वाक्य इथे साफ खोटं ठरतं. युझर नंतर काही टाकून घेऊ शकत नाही. तशी व्यवस्था तुम्हीच केलीय.

आणि सिक्युरिटीचं म्हणाल तर ऐका. त्या मुलीच्या मशीनवर सेटिंग्ज बंद, यूएसबी बंद, सगळं बंद. आणि ती दिवसभर काय करते? लोकांची नावं, वडिलांची नावं, पत्ते, हे सगळं इंटरनेटवरच्या कुठल्याशा फुकट टायपिंगच्या वेबसाईटवर टाईप करते, जिच्या दोन्ही बाजूंना वजन घटवायच्या जाहिराती नाचत असतात. तिथून कॉपी करून सरकारी फॉर्ममध्ये पेस्ट. ती वेबसाईट कोण चालवतं, टाईप केलेलं कुठे साठतं, देव जाणे. आमच्या पनवेलजवळच २०२० साली योट्टाचं अवाढव्य डेटा सेंटर सुरू झालं, डेटा देशातच राहावा यावर किती चर्चासत्रं झाली! आणि इथे टपाल नाक्याच्या अलीकडे कीबोर्डची एक ओळ लिहिली नाही म्हणून मावशीचा डेटा कुठे जातोय याचा कुणालाच पत्ता नाही. ही सिक्युरिटी नव्हे. पुढच्या दाराला तीन कुलपं लावून मागची भिंत पाडल्यासारखं आहे हे.

माझ्या व्यवसायबंधूंशी याबद्दल बोललो की ठरलेली उत्तरं येतात. पहिलं, इमेज हलकी ठेवावी. बरोबर आहे, मीही ठेवतो. जे रोज बदलतं ते इमेजमध्ये घालू नये, ब्राऊझर, चॅटचं ॲप वगैरे नंतर ढकलावं. पण कीबोर्ड रोज बदलतो का? विंडोज ११ ची इन्स्टॉलेशनची फाईल पाच जीबीच्या वर असते, त्यात एक्सबॉक्सचे तुकडे चालतात, आणि काही एमबीच्या फाँटने ती जड होते? दुसरं उत्तर, मराठी कुणी मागितलीच नाही. टेंडरमध्ये रॅम लिहिली होती, एसएसडी लिहिली होती, भाषेचं काही नव्हतं. हे मात्र खरं आहे. मी पाहिलेल्या स्पेसिफिकेशनमध्ये माउसच्या वायरची लांबी असते, पण इनपुट भाषेचा उल्लेख नसतो. पण मित्रांनो, देश आणि टाईमझोन तरी कुणी मागतं का? तरी तुम्ही भारत निवडता ना? घड्याळ अमेरिकेचं ठेवून 'मागितलं नव्हतं' असं नाही म्हणत. महाराष्ट्राचा राजभाषा अधिनियम १९६४ चा आहे, २६ जानेवारी १९६५ पासून राज्यकारभाराची भाषा मराठी आहे. ज्या मशीनवर हा कारभार चालणार ते मशीन लावणाऱ्याला हे वेगळं सांगायला हवं?

तिसरं उत्तर मात्र मी गंभीरपणे घेतो, कारण ते हेल्पडेस्कवर बसलेल्या माणसाचं आहे. दोन कीबोर्ड ठेवले की लोक चुकून अल्ट-शिफ्ट दाबतात, भाषा बदलते, पासवर्ड चुकीचा जातो, तीन वेळा चुकला की अकाउंट लॉक आणि सोमवारी सकाळी फोनांचा पाऊस. हे मी भोगलंय. पण याचं उत्तर मराठी काढून टाकणं नाही. लॉगिनच्या पडद्याची भाषा आणि नव्या युझरची भाषा या विंडोजमध्ये दोन वेगळ्या गोष्टी आहेत, दोन वेगळे टिकमार्क. लॉगिनला फक्त इंग्रजी ठेवा, आत गेल्यावर दोन्ही. अल्ट-शिफ्टचा शॉर्टकट बंद करा, विंडोज आणि स्पेसबार पुरतो. झालं. मी माझ्या इमेजमध्ये हे करून बघितलंय, पासवर्डचे फोन थांबले.

कुणी म्हणेल एवढ्याशा ळ साठी किती तणतण. जरा आमच्या पनवेलचा पत्ता लिहून बघा ळ शिवाय. कळंबोली. तळोजा. पळस्पे फाटा. कोळखे. वडाळे तलाव. कर्नाळा. आमच्याकडे ळ ही चैन नाही, पिनकोडइतकी गरजेची वस्तू आहे. आणि नाव चुकलं की काय होतं ते सॉफ्टवेअरवाल्यांना तरी सांगायला नको. माणसाला मंजुळा आणि मंजुला एकच वाटेल, डेटाबेसला नाही. तिथे त्या दोन वेगळ्या बायका आहेत. त्यातली एक अस्तित्वातच नाही आणि पेन्शनचे कागद तिच्या नावावर आहेत.

मोबाईलच्या बाबतीत आपण हे केलंय, हे विसरू नका. भारतीय मानक ब्यूरोचं २०१६ चं एक मानक आहे, आयएस १६३३३, भाग ३. भारतात विकल्या जाणाऱ्या मोबाईलवर सगळ्या २२ भाषा वाचता आल्या पाहिजेत, आणि इंग्रजी, हिंदी आणि आणखी एक भारतीय भाषा टाईप करता आली पाहिजे. म्हणून मावशी स्वतःच्या फोनवर 'मंजुळा' सहज लिहिते आणि सरकारी कॉम्प्युटरला ते जमत नाही. त्या ऑफिसात दुसऱ्या टेबलावरचे एक गृहस्थ तर मजकूर फोनवर टाईप करून स्वतःलाच ईमेल करतात म्हणे!

आणि हे अख्ख्या राज्याच्या पातळीवर करता येतं की नाही, असं ज्यांना वाटतं त्यांनी केरळकडे बघावं. तिथल्या शाळांसाठी आधी आयटी@स्कूल आणि आता काइट ही सरकारी संस्था उबुंटूवर बेतलेली स्वतःची इमेज काढते. मल्याळम टायपिंग आत, शाळेला लागणारी सॉफ्टवेअर आत, शिक्षकांनी काही डाउनलोड करायचं नाही. आपल्याकडे अक्कल नव्हती असं नाही. सी-डॅकचं मुख्यालय पुण्यात आहे, आणि भारतीय भाषांसकट डेबियनवर बेतलेलं बॉस लिनक्स त्याच संस्थेने २००७ मध्ये काढलं. फरक अकलेचा नाही. तिथे इमेजला कुणीतरी धोरणाचा विषय मानलं. आपल्याकडे ते व्हेंडरच्या पोराचं काम असतं, जो शुक्रवारी संध्याकाळी मागच्या ऑफिसचीच इमेज पेन ड्राईव्हवर घेऊन येतो.

त्या मागच्या ऑफिसच्या इमेजवरून आठवलं. सिस्प्रेप न चालवता सरळ कॉपी मारली की सगळ्या मशीनचा सिक्युरिटी आयडी एकच राहतो. २००९ च्या नोव्हेंबरात मायक्रोसॉफ्टच्याच मार्क रसिनोविच यांनी लिहिलं होतं की याने प्रत्यक्षात काही बिघडत नाही. सिस्प्रेप करा हे धोरण कायम आहे असंही ते म्हणाले होते, पण लोकांनी पहिला भागच ऐकला. सोळा वर्षं चाललं. मग ऑगस्ट २०२५ च्या अखेरीपासून आलेल्या अपडेट्सनी विंडोज ११ मध्ये हे आयडी तपासायला सुरुवात केली, आणि जुळ्या मशीनना एकमेकांशी बोलता येईना. शेअर फोल्डर उघडेना, रिमोट डेस्कटॉप चालेना. इमेजमधला आळशीपणा असा असतो. तो लगेच दिसत नाही. केलेला माणूस तोवर तीन नोकऱ्या बदलून गेलेला असतो.

हे सगळं आत्ताच लिहायचं कारण आहे. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला. ऑफिसं जुनी मशीन काढतायत, नवी घेतायत, विंडोज ११ ची इमेज नव्याने बनतेय. अशी संधी दहा वर्षांतून एकदा येते. आत्ता जी इमेज बनेल ती पुढची सात-आठ वर्षं लोकांच्या माथी राहील. तुमच्यापैकी निम्मे तरी आयटीत आहात. कुणाच्या तरी टीममध्ये, कुणाच्या तरी शेजारच्या डेस्कवर हे काम चालू असणार. भाषेच्या वस्तू आधी घाला, मग महिन्याचं अपडेट. उलट केलंत तर तेच अपडेट पुन्हा द्यावं लागतं. सिस्प्रेपच्या आधी मराठी आणि पूरक फाँट दोन्ही आहेत ना बघा. आणि इमेज पास करण्याआधी एका साध्या युझरच्या अकाउंटने, ॲडमिनच्या नव्हे, आत जाऊन नोटपॅडमध्ये 'दुसऱ्या कळंबोलीची कुऱ्हाड' असं टाईप करून बघा. वाक्याला अर्थ नाही, पण उमटलं तर इमेज पास. सगळं मिळून अर्ध्या दिवसाचं काम आहे. मी दोन रविवार घालवलेत, त्यामुळे मला हिशेब माहीत आहे.

मावशीचा दाखला त्याच दिवशी दुरुस्त होऊन मिळाला. मुलीने फाईल उघडली, ळ उचलला, दोन ठिकाणी चिकटवला. मी एका कागदावर मराठीत चार ओळी लिहून (पेनने!) तिच्या साहेबांकडे दिल्या, मशीन लावणाऱ्याला काय सांगायचं ते. साहेब म्हणाले, पुढच्या लॉटला बघू. निघताना मावशीने खिडकीशी वाकून त्या मुलीला तिचं नाव विचारलं. तर तिच्या आडनावात ळ. ओळखपत्रावर ल.